श्वास सोडा, मुकुंदराव

७ जानेवारी १९५८, मंगळवार
प्लॅस्टर कधीच निघालं. डॉक्टर म्हणतात हाड नीट जुळलंय. तरी ह्यांचा उजवा हात छातीशी आवळलेलाच. कारखान्यात मशीनचा पट्टा तुटला त्यात ह्यांचा हात मोडला आणि शेजारी उभा असलेला बबन जागच्या जागी गेला. तेव्हापासून भोंगा झाला की हे ताठ होतात. नजर एकाच जागी. मी समोर उभी राहून "अहो, अहो" करते, ओ नाही.

आज डॉक्टरांनी पुण्याहून व्यायामोपचाराच्या बाई पाठवल्या. सबनीसबाई. तिशीच्या, बिनलग्नाच्या. पिंपरी स्टेशनवरून चालत आल्या, पावलं धुळीने भरलेली. आल्या तशा ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "श्वास सोडा, मुकुंदराव."
(नाव लिहिताना पेन अडखळलं. ऐकलेलं लिहिलं तर चालत असावं.)
आणि ह्यांनी सोडला. खांदा खाली आला. माझा हात लागला की तोच खांदा कानाला भिडतो.

बाबांनी मला शाळेत न घालता घरीच शिकवलं. रोजनिशीबद्दल एकच सांगत, खरं तेच लिही. तर खरं: मला आवडलं नाही.

१० जाने., शुक्र.
स. बाईंनी भिंतीवर खडूने रेघ मारली. ह्यांनी बोटं मुंगीसारखी चालवत तिथवर न्यायची. मग वाकून हात लोंबता सोडायचा, घंटेच्या लोलकासारखा. मी विचारलं, हाड जुळलंय तर हे कशाला? म्हणाल्या, "शरीराला अजून वाटतंय पट्टा आता तुटेल. म्हणून ते आवळून बसलंय. बोलून नाही समजायचं त्याला, हलवून समजवायचं."

३ फेब्रु.ला कामावर हजर व्हायचं आहे. मशीनसमोर उभं राहता आलं नाही तर नोकरी जाईल, आणि नोकरीबरोबर ही खोलीही. हे मलाही कळतं. बाई हव्याच आहेत. तरी.

दूध घालताना चिंचवडची हौसाबाई: "वैनी, मालक हसत हुतं की आत!"
"व्यायाम चाललाय."
"व्हय, आसंल. आमच्या धन्याला बी पाठवा म्हनावं त्या बाईस्नी. लगीन झाल्यापासनं हसला न्हाई त्यो."
मी हसले. मग चुलीवर दूध उतू गेलं.

१४ जाने., संक्रांत
ह्यांना तिळगूळ दिला. डाव्या हाताने घेतला.
शर्टाची बटणं मी लावत होते, तेवढ्यात बाई आल्या. "वहिनी, त्यांची त्यांना लावू द्या. तुम्ही लावताय तोवर तो हात कशाला वर येईल?"
इतके दिवस जेवू घालणं, बटणं, केस विंचरणं, सगळं मी केलं. तेच चुकलं म्हणे. पत्नीने करायचं नाही तर कोणी? हे मान खाली घालून बटणाशी झटत राहिले, घाम आला. एक लागलं. बाईंकडे बघून हसले. माझ्याकडे नाही.

२१ जाने., मंगळ.
आज आमच्या खोलीत हळदीकुंकू. सकाळीच भिंत पुसून काढली. खडूची रेघही गेली. पाहुण्यांसाठी पुसली. असं लिहिलं खरं, पण त्या रेघेवर फडकं दोनदा फिरलं.

बायकांनी आग्रह केला, नाव घ्या. वर्षातून एकदाच ते तोंडी येतं, तेही उखाण्यात गुंडाळून. भराभरा म्हटलं.
बाई आल्याच होत्या, त्यांनाही कुंकू लावलं. हौसाबाई गप्प बसते होय! "बाई, तुमी कुनाचं घेनार नाव?"
"माझ्या हाताखाली रोज इतके पुरुष असतात हौसाबाई, कोणाकोणाचं घेऊ?"
हसून हसून पुरेवाट. पडद्यामागून ह्यांचंही हसणं ऐकू आलं.

सगळ्या गेल्यावर हे भिंतीपाशी. "माझी रेघ कुठे गेली?" लहान मुलासारखा चेहरा. मग म्हणाले, "नाव फार घाईत घेतलंस."

२४ जाने., शुक्र.
रेघ पुसलेली बाईंनी पाहिली, खडू काढला. नवी मारली, आधीच्यापेक्षा वर. हेही पोचले तिथवर. बाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग मला जवळ बोलावलं. माझा हात ह्यांच्या खांद्यावर ठेवला, स्वतःचा माझ्या पाठीवर. "वहिनी, तुम्हीच श्वास धरून उभ्या आहात. तो त्यांना हातातून कळतो. आधी तुम्ही सोडा." सोडला. खांदा जरासा हलला. जरासाच.

जाताना दारात: "मंगळवारी मी शेवटची येईन. भोंगा रोज होतो, मी रोज नसते. ते ताठ झाले की खांद्यावर हात ठेवा आणि नाव घेऊन हाक मारा."
"नावाने कशी मारू?"
"'अहो' तर तुम्ही रस्त्यात कोणालाही म्हणता. त्या क्षणी माणसाला आपलं नाव लागतं."
सोपं आहे त्यांना.

२८ जाने., मंगळ.
बाई शेवटच्या येऊन गेल्या. सांगून गेल्या, रुजू होण्याआधी एकदा फाटकापाशी उभे राहून भोंगा ऐका, जोडीने.
हे खिडकीतून त्या वळेपर्यंत बघत होते. मी ह्यांच्याकडे. कपबशा विसळल्या. बाईंची दोनदा.

३१ जाने., शुक्र.
संध्याकाळी फाटकावर गेलो. हे बरे होते, वाटेत बबनबद्दलही बोलले, पहिल्यांदाच. "शीळ घालायचा काम करताना," एवढंच.
रस्ता ओलांडताना मध्यावरच भोंगा झाला. आधी वाजला की आम्हाला उशीर झाला, कोण जाणे. हे जागीच थिजले. फाटकातून सायकली सुटल्या, पलीकडून ट्रक, हॉर्न. मी दंडाला धरून ओढलं, दगड. "अहो, अहो!" सुटलेली सगळी पाळी बघतेय. कडेला हौसाबाई, डोक्यावर रिकामी कासंडी.
हात खांद्यावर ठेवला. आधी माझा श्वास सोडला. आणि भर रस्त्यात, मोठ्याने:
"श्वास सोडा, मुकुंदराव!"
खांदा खाली आला. पाऊल उचललं. कडेला पोचलो.
डोळे मिटूनच हे म्हणाले, "हो, बाई."

मग डोळे उघडले. मी दिसले.

घरी आलो. जीव वाचला ह्यांचा. देवापुढे दिवा लावला. काडी दोनदा विझली, वाऱ्याने, असं लिहिणार होते.

२ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ
बटणं सगळी स्वतः लावली. गळ्याचंसुद्धा.
हौसाबाईने दुधाबरोबर विचारलंच, "वैनी, परवा काय हाळी घातलीसा! समद्या चिंचवडात बोभाटा झाला." मग हळूच, "बरं केलंसा." ही तिची थट्टा नव्हती.

हे भिंतीपाशी उभे, बोटं वरच्या रेघेवर. पाठ माझ्याकडे. म्हणाले, "ती हाक बाईंची होती. शब्द न् शब्द."
"मला दुसरी येत नव्हती."
"तुझी कशी असते?"
"माहीत नाही."
"म्हणून बघ. आत्ता भोंगा नाही, उखाणा नाही."
श्वास सोडला. म्हटलं. नुसतं नाव, राव न लावता. इतकं हळू की मलाच नीट ऐकू आलं नाही. हे वळले नाहीत. भिंतीवरची बोटं मात्र रेघेच्या वर सरकली.
"पुन्हा," म्हणाले.

उद्या सातचा भोंगा. आत मशीनपाशी मी नसेन, बाईही नसतील. तिथे ह्यांना कोणाची हाक आठवेल? कोणाचीही आठवो, पाय घट्ट राहोत, असं लिहायला हवं. लिहिलं.
आता खरं: माझीच आठवावी.