टँकरचं पाणी आणि मिशीवाले मासे

१० एप्रिल २०१६
नर तपकिरी, मादी तपकिरी — आणि पिल्लांत काही पांढरी, लाल डोळ्यांची! बाकीची आईबापासारखी, काळपट अंगावर बारीक ठिपके. बंकटदादाचं अंबाजोगाईत पाळायच्या माशांचं दुकान आहे, त्याला फोन केला. म्हणाला, "अंजे, दोघांच्या बी रक्तात पांढरा दडलेला असतो, तो असा निघतो. जप त्यांला."
कशी जपू? गावात प्यायला पाणी नाही. मागच्या खोलीत मी मासे पाळते हे कळलं, तर बाया उभी चिरतील मला!

१२ एप्रिल
दूध संस्था दुष्काळात गावाला टँकरनं पाणी देते; तो टँकर हेच चालवतात. संस्थेच्या हौदात पाणी सोडायच्या आधी ह्यांनी दोन घागरी गुपचूप घरी आणल्या. "माशांला घाल. बोलू नको कुठं." हौद उद्या सकाळी वाटपाला उघडणार.

संध्याकाळ. पिल्लं मेली. मादीचे ठिपके पुसल्यासारखे झालेत, अंग राखेच्या रंगाचं. नर — नाकावर मिशा, कायम काचेला चिकटलेला — उताणा तरंगतोय. पाण्याला कसलातरी उग्र वास.
ह्यांना विचारलं, टँकर आणखी कुठं गेलता का?
"डाळिंबाच्या बागेत फवारणीचं औषध नेलतं. धुतला मंग. उन्हानं मेले तुझे मासे! काहून डोकं खातीस?"
ताट तसंच ठेवून हे उठले.
सांगितलं तर ह्यांची चोरी उघडी. नाही सांगितलं तर —

१३ एप्रिल
सांगितलं. रांगेतल्या सगळ्यांसमोर संस्थेच्या अध्यक्ष विमलबाईंना म्हणाले, "पाणी वाटू नका. माझे मासे मेले ह्यानं."
साखराबाईनं कळशीच आपटली. "आमची लेकरं तहानलेली, आन् तू मासे पाळतीस?"
विमलबाई ह्यांच्याकडं वळल्या. "बिभीषण, खरं काय?"
ह्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हौदातून तांब्या भरला, घटाघटा प्यायले. "झालं समाधान?"
बाया अंगावर धावून आल्या. पदर फाटला. विमलबाईंनी तरी हौदाला कुलूप घातलंच.
दुपारी ह्यांना उलट्या. मग तोंडाला फेस! जीपमध्ये डोकं माझ्या मांडीवर होतं, धारूरच्या पुढं हाकेला ओ देईनात. अंबाजोगाईच्या दवाखान्यात बसून लिहितेय. मी गप्प बसले असते, तर ते प्यायले नसते. लई भ्या वाटतंय.

१४ एप्रिल
ह्यांनी डोळे उघडले. पहिलं बोलले ते हेच — "टँकर धुतला नव्हता गं. बाकी कुणी पिलं न्हाई ना?"