डाव्या पायाचं पोलाद

प्रिय गुनवोरताईस धाकट्या हेल्मेरचा नमस्कार.

पत्राला तीन आठवडे उशीर झाला, माफ कर. गेव्हलेला हवा कशी आहे? तुझे गुडघे कसे आहेत? माझी पाठ धरली आहे (कारण शेवटी लिहितो). इथून निघताना तू बजावलं होतंस, "कॉनीला म्हणावं, अडतिसावं लागलं, आता स्पीडवे पुरे. हो म्हणाला की कळव." तो हो म्हणाला असता तर लगेच लिहिलं असतं. नाही म्हणाला असता तरी लिहिलं असतं. पण मी विचारलंच नव्हतं. दोन मंगळवार पावसाने शर्यती झाल्या नाहीत, तेवढंच निमित्त मिळालं.

या मंगळवारी मात्र ठरवून मैदानावर गेलो. तर तुझा लेक कॉनी हत्यारांच्या पेट्या उपसत बसलेला. डाव्या बुटाखाली बांधायचा त्याचा पोलादी तळवा कुठेच सापडेना. (बिनब्रेकच्या मोटरसायकलवर वळणात तोच पाय जमिनीला टेकतो, हे तुला काय सांगायचं. तीनदा त्याचं हाड मोडलं तेव्हा उशाशी तूच होतीस.) मला पाहून म्हणाला, "मामा, उपदेश नंतर कर. आज नुसत्या चामड्यावर जातोय." चामडं पहिल्याच वळणात फाटलं असतं. तेव्हा निव्वळ त्याच्या काळजीपोटी मी मैदानामागच्या आपल्या घरी धावलो, घाम काढायच्या सॉनाच्या भट्टीचं पोलादी दार उतरवलं, कापलं, वाकवलं आणि त्याच्या बुटाला बसवलं. चाळीस वर्षं वेल्डिंग केलं, पण इतक्या घाईत कधी नाही. (यात तुझ्या सांगण्याविरुद्ध काही झालं असं मला वाटत नाही. दोन दिवस विचार केला, थोडं वाटतं.)

आता खरं सांगतो. वीस वर्षांत मी त्याची एकही शर्यत पाहिलेली नाही. गाड्या सुटल्या की मी सॉसेजच्या टपरीकडे तोंड करून साठपर्यंत आकडे मोजतो, तेवढ्यात चार फेऱ्या संपतात. तू नाही का ऐन वेळी रेडिओ बंद करतेस, तसंच. पण या वेळी भट्टीचं दार माझं होतं. टिकतंय का, ते बघणं भाग होतं.

ताई, शेवटच्या वळणावर तो तिसरा होता. पुढचे दोघे आतल्या बाजूने गेले. हा कुंपणाला घासून बाहेरून शिरला, जिथून मी सायकल हातात धरूनही गेलो नसतो. गाडी डावीकडे आडवी, पुढचं चाक उजवीकडे, मागे लाल मातीची भिंत, आणि तो आपला चर्चच्या बाकावर बसल्यासारखा शांत. डावा पाय मातीवरून तुझी इस्त्री फिरते तसा फिरत होता. पहिला आला. माझ्या कॉफीत माती पडली होती, ती मी तशीच प्यायलो. टोपी कधी काढली आठवत नाही. शेजारचा बेंग्ट, जो अख्ख्या स्वीडनमध्ये कुणाला चांगलं म्हणत नाही, तो म्हणाला, "हेल्मेर, हा तुमच्या घरातला वाटत नाही रे." मलाही वाटला नाही.

मग कॉनीला विचारलं. तो म्हणाला, "सप्टेंबरातली शेवटची शर्यत झाली की सोडतो. आईने तेवढी एक इथे येऊन बघावी. डोळे उघडे ठेवून."

तुझा,
हेल्मेर

ता.क. भट्टीचं दार एका दिवसात कागदासारखं झिजलं. पुढच्या मंगळवारी चालणार नाही. सॉनाही बंद पडला तो पडलाच.

आणखी एक ता.क. तू निघालीस त्या दिवशी बसपर्यंत तुझी पिशवी मी उचलली होती. आत मुरंब्याची एक बाटली आहे, असं तू म्हणालीस. पाठ त्या दिवसापासूनच धरली आहे. काल कॉनीने विचारलं, "मामा, आईची पिशवी जड होती का रे?" मी म्हणालो, मला हल्ली कमी ऐकू येतं. तेव्हा उत्तर लवकर पाठव, मंगळवारच्या आत. आणि जमलं तर जरा जड पाठव.