बोअरचं पाणी आणि आईंच्या झिणझिण्या

८ जानेवारी, गुरुवार
किटली पुन्हा आतून पांढरी, चुना मारल्यासारखी. व्हिनेगर ओतून ठेवलं, चहा पातेल्यात केला. कॉलनीच्या बोअरला पाणी म्हणायचं कसं? शॉवर बुजला, नळाच्या जाळ्या दोनदा बदलून झाल्या. नर्मदेच्या गावात राहायचं अन् नशिबी हे! गीझर तर तापताना आत फुटाणे भाजल्यासारखा तडतडतो. (यापुढे नुसतं 'गी.' लिहीन. रोजचाच विषय झाला आहे.) यांना भोपाळला फोन केला. "शनिवारी आलो की पाहतो." असे किती शनिवार गेले, ऑफिसलाच ठाऊक.
आई, म्हणजे सासूबाई, तेवढ्या खूष. अंघोळ करून येतात ते गाणं गुणगुणत. या वयात, या थंडीत!

११ जाने., रवि.
आईंनी आज गुपित सांगितलं. चहा घेता घेता, अगदी सहज.
"नर्मदामैया येते गं माझ्याकडे."
कुठे?
"अंघोळीला. घंगाळ नळाखाली ठेवते, नळ सुरू, माझं स्तोत्र सुरू. पाण्यात हात घातला की झिणझिण्या. पार कोपरापर्यंत! गुडघ्यांपायी तिलवाऱ्याचा घाट सुटला ना माझा, तर तीच येऊन राहिली घरी."
डोळे भरून आले त्यांचे. दिवाळीपासून चालू आहे म्हणे. कोणाला सांगितलं नाही, सांगितलं की जातं.
मी म्हटलं, भाग्य आई तुमचं. आणि पोळ्या करायला गेले. तिसरी पोळी लाटताना हात थांबला. पाणी. झिणझिण्या. तांब्याचं घंगाळ. गी. चालूच ठेवतात त्या, स्तोत्र संपेपर्यंत गरम धार हवी म्हणून. मी बंद करून, प्लास्टिकच्या बादलीत घेते. त्यांच्या सोवळ्याला प्लास्टिक चालत नाही.
आठवीला विज्ञान शिकवते मी. विजेचा धडा मागच्याच महिन्यात झाला. लिहायला लाज वाटते.
पळत जाऊन बटण बंद केलं.

१२ जाने., सोम.
अर्धी रजा. आई भजनाला गेल्यावर पाठकभैयांना बोलावलं, आपले जुने इलेक्ट्रिशियन. त्यांनी गी. चालू करून टेस्टर नळाला लावला. दिवा लागला. मी पाहिला. घंगाळाला लावला, तिथेही.
आतली रॉड काढली तर रॉड दिसेचना, नुसता पांढरा दगड. मधोमध चिरलेली.
"दीदी, पत्थर जम-जम के रॉड फट गई. करंट सीधा पानी में आ रहा है. अम्मा नहाती कैसे थीं?"
पाटावर बसून, म्हटलं. लाकडी पाट.
भैया पाटाकडे बघतच राहिले. "बस, इसी ने बचा लिया. जिस दिन पैर नीचे रख देतीं..."
रॉड नवी बसवली. पण घरभराचं अर्थिंगच मेलेलं आहे म्हणाले, नवा खड्डा करावा लागेल. त्यांच्या गावी मझौलीला घरचं कार्य आहे, तिथून परतले की करतील. तोवर ओल्या हातानं कशालाच शिवायचं नाही.
आईंना सांगितलं, पाणी नीट तापत नव्हतं, दुरुस्त करून घेतलं. "अच्छा," म्हणाल्या.

१३ जाने., मंगळ.
सकाळी त्या अंघोळीला गेल्या आणि मी दाराला कान लावून उभी. तांब्या वाजला की जीव थाऱ्यावर, थांबला की उडाला. दोन हाका मारल्या. "काहून ओरडतेस? पूजेत आहे मी!"
यांच्याशी फोनवर बोलले. आधी घाबरले, मग म्हणाले, "आईला काही सांगू नकोस. खचेल." खरं सांगू, मला ते सोयीचंच वाटलं. कोण सांगणार त्यांना?

१५ जाने., गुरु.
गी. तपासला. नळ तपासला. नवा टेस्टर घेतला आहे, पर्समध्येच ठेवते.
आज आई पाऊण तास आत. स्तोत्र तीनदा पहिल्यापासून म्हटलं, मी बाहेर मोजलं. बाहेर आल्या तर चेहरा उतरलेला.
"आजही नाही आली."
कालचा तिळाचा लाडू दिला. हातात घेऊन बसल्या, खाल्ला नाही.

१७ जाने., शनि.
हे आले. आईंनी अर्धी पोळी खाल्ली आणि ताट सरकवलं. म्हणाल्या, "माझंच चुकलं. सुनेला सांगायला नको होतं. तोंडातून गेलं अन् ती गेली."
यांनी माझ्याकडे पाहिलं, मी फरशीकडे. दोघांपैकी एकानं तरी तोंड उघडायचं! नाही उघडलं. दुपारी त्यांच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला. आधी करंट लागून जाईल म्हणून भीती होती, आता ही बाई झुरून जाईल असं वाटून राहिलं.
नर्मदा जयंती आली पुढच्या आठवड्यात. घाटावर गाडीनं नेऊ म्हटलं, तर म्हणतात, कोणत्या तोंडानं जाऊ?

१९ जाने., सोम.
हे पहाटेच्या गाडीनं गेले. सकाळी गोधड्यांची कव्हरं मशीनमध्ये गरम पाण्यावर लावून मी आंबे हळद आणायला खाली गेले. दहा मिनिटं, जास्त नाही. परत आले तर आई मशीनसमोर उभ्या. अनवाणी. ओल्या फरशीवर. ओला तळवा मशीनच्या पत्र्याला लावलेला, डोळे मिटलेले, ओठ हलत होते.
"ये. तू पण हात लाव. आहे गं, थोडीशी आहे."
मी किंचाळले. त्यांना शिवायचं नाही एवढं सुचलं, धावत जाऊन मेन पाडला. मग त्यांना मिठी मारली आणि मोठ्यानं रडले. त्या उलट चिडल्या. "काय झालं इतकं बोंबलायला?"
मग सांगितलं. सगळं. आई, तो करंट होता. विजेचा. दिवाळीपासून तोच होता. पाण्यातला चुना जमून रॉड फुटली होती, पाटामुळे वाचलात तुम्ही. मशीनमध्येही पाणी तापवायला तशीच रॉड असते, त्याच पाण्यानं तीही फुटली असणार. मी आठ दिवस लपवलं.
आईंनी पदरानं हात कोरडा केला, खूप वेळ, आणि खोलीत गेल्या.

२० जाने., मंगळ.
मेन कालपासून बंदच. फ्यूज काढून ब्लाउजमध्ये ठेवला आहे, हसायचं तर हसा. पाठकभैया परवा येतात म्हणाले. शाळेत गेले नाही. पाणी गॅसवर तापवून दिलं, आईंनी चुपचाप अंघोळ केली. पाच मिनिटांत बाहेर.
चहाच्या वेळी बोलल्या.
"तुझं शिक्षण खरं असेल, मी कुठे नाही म्हणते. पण दोन-अडीच महिने मी मेले नाही, ते कोणी केलं? लाकडाच्या पाटानं?"
हो, म्हणायला हवं होतं. मी त्यांचा कप पुन्हा भरला.
मग माझा हात धरून म्हणाल्या, "तो पाठक यायच्या आधी एकदा लाइट लाव. एकदाच हात लावते. न भेटता काहून पाठवू तिला?"
मी नाही म्हटलं. पुन्हा म्हणाल्या, पुन्हा नाही. तर "चलो, ठीक," म्हणून वाटाणे सोलायला बसल्या. इतक्या पटकन ऐकतील असं वाटलं नव्हतं. जरा हायसं वाटलं म्हणून हे लिहायला बसले.

भिंतीपलीकडे शेजारच्या वहिनींची मशीन सुरू झाली आहे, इथे ऐकू येते. सगळ्या कॉलनीला एकच बोअर. आई वाटाण्याचं ताट खाली ठेवून उठल्या. म्हणतात, "जरा वहिनीकडे जाऊन येते."