माझ्या तोंडातले चांगले जंतू

हेर्नेसांद, १४ मार्च

आदरणीय हेदविगताईस,

धाकट्या आल्गोतचा वाकून नमस्कार. गुडघा आता कसा आहे? लुलेओत अजून बर्फ असेलच, तेव्हा बाहेर पडताना काठी घेत जा. इकडे मी खुशाल आहे, म्हणजे तोंडासकट खुशाल आहे, आणि ते तोंडाचंच सविस्तर कळवायला हे पत्र. (फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.)

त्याचं असं झालं. सप्टेंबरात चर्चच्या गायनमंडळात माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या बाई अचानक दोन जागा पलीकडे सरकल्या. कारण काही सांगितलं नाही. सहा वर्षं आम्ही एकाच वहीतून गात आलो होतो. पान उलटायचं त्यांनी, सूर चुकवायचा मी. आता दोन्ही कामं माझ्याच गळ्यात पडली. आठवडाभर डोकं खाजवलं. मग एका सकाळी दात घासताना बेसिनमध्ये रक्त दिसलं, म्हणून तळहातावर श्वास सोडून वास घेऊन पाहिला. ताई, आंबवलेल्या हेरिंग माशांचा डबा उघडायला मी कधी कचरलो नाही हे तुला ठाऊक आहे, पण त्या सकाळी मीच माझ्यापासून दोन पावलं मागे सरकलो.

दवाखान्यात दात साफ करणारी ईर्सा म्हणून पोरगी आहे. वय तुझ्या नातीएवढं, दरारा आपल्या आईचा. तिने आरसा घालून आत पाहिलं आणि विचारलं, "आल्गोत, दातांमधल्या फटी शेवटच्या कधी साफ केल्यास?"

मी म्हटलं, "नाताळात."

"कुठल्या?"

मी बोटं मोजायला लागलो. मग तिने समजावलं की तोंडात वाईट जंतू असतात तसे चांगलेही असतात. दोन्ही वेळा नीट घासायचं, फटींतून बारका ब्रश फिरवायचा, आणि वाटलंच तर रोज प्रोबायोटिकची, म्हणजे चांगल्या जंतूंची, एक गोळी सावकाश चघळायची. "जोडीला हं, घासण्याऐवजी नाही. आणि चमत्काराची वाट बघू नकोस." एवढ्या लांबलचक भाषणातलं मला ऐकू आलं ते फक्त 'गोळी'.

एका गोळीने बरं वाटणार असेल तर सहांनी किती वाटेल, असा हिशेब मी केला. (तू हसशील, पण गुडघ्याचं मलम तू कसं चोपडतेस ते मी पाहिलं आहे.) शिवाय आंबट दुधातही चांगले जंतू असतात असं कुणीसं म्हणालं, म्हणून रोज सकाळी घोटभर दूध दहा मिनिटं तोंडात धरून बसायला लागलो. तशात एकदा पोस्टमन आला. त्याने काहीतरी विचारलं. मी गाल फुगवून नुसते हातवारे केले. बिचारा घाबरला. याला पक्षाघाताचा झटका आला असं समजून त्याने मला खुर्चीत बसवलं, दोन्ही हात वर करायला लावले आणि म्हणाला, "आता जरा हसून दाखवा." माणूस इतक्या मायेने सांगतोय म्हटल्यावर मी हसलो. सगळं दूध त्याच्या गणवेशावर.

त्याहून मोठा पराक्रम पुढेच आहे. खात्री असावी म्हणून प्रत्येक गोळीनंतर मी जंतू मारायच्या जहाल औषधाने खळखळून चुळा भरत होतो. हे ईर्साला कळल्यावर तिने कपाळाला हात लावला. "अरे, पाहुण्यांना जेवायला बोलावतोस आणि ताटं मांडल्याबरोबर घराला आग लावतोस?"

मग मात्र शहाण्यासारखा वागलो. घासणं, फटी, एक गोळी. नाताळ उलटला तसं रक्त थांबलं. श्रेय कुणाचं? ईर्सा म्हणते ब्रशाचं, गोळीचं असलंच तर थोडंसं. मी निम्मं निम्मं धरतो.

फेब्रुवारीत तालमीच्या मधल्या सुट्टीत सगळे कॉफी आणि दालचिनीच्या पावांवर तुटून पडले होते. मी हळूच खांबाआड गेलो, खिशातून डबी काढली, तर समोर त्याच बाई! हातात तशीच डबी, गालात गोळी.

"तू पण?" त्या म्हणाल्या.

"मी कधीचाच. पण तुला कशाला लागते?"

"माझ्या तोंडाला वास येतो असं वाटायचं रे. तुला त्रास नको म्हणून लांब सरकले."

म्हणजे इतके महिने आम्ही दोघं एकमेकांच्या नाकासाठी झुरत होतो! आम्ही असे हसलो, असे हसलो, की उरलेल्या तालमीत दोघांनाही धड एक ओळ गाता आली नाही. पुढच्या गुरुवारी त्या आपल्या जुन्या जागेवर आल्या. त्यानंतरचं वडीलधाऱ्या बहिणीला लिहिणं बरं नव्हे. एवढंच कळवतो की दोन्ही तोंडं आता स्वच्छ आहेत.

मुलाबाळांना आशीर्वाद. प्रकृतीला जप.

तुझा,
आल्गोत

ता. क. : तीस मेला आमचं लग्न आहे. तू यायचंस, पुढच्या बाकावर बसायचंस.

ता. क. २ : बाईंचं नाव राहिलंच. वेन्देला. होय, तीच. नऊ वर्षांपूर्वी चर्चच्या जत्रेत तुझ्या केशरी केकला चारचौघांत 'कोरडा' म्हणणारी, जिचं नाव तू तेव्हापासून घेत नाहीस. ती म्हणते, केक छान मऊ होता. त्या दिवशी तिची दाढ ठणकत होती आणि लोण्याचा घाससुद्धा तिला दगडासारखा लागत होता.

ता. क. ३ : तू तिला कधीच माफ केलंस, असं मी तिला महिन्यापूर्वीच सांगून टाकलं आहे. ऐकून ती रडली गं. आता मला खोटं पाडू नकोस.