धुराड्यावरचा वेळू

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

वळसंग, ता. १४ डिसेंबर १९३६

ति. रा. संगप्पा अण्णांस सौ. नागम्माचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तूर काढणीला आली आहे, त्यामुळे पाठ टेकायला सवड नाही.

अण्णा, अप्पांनी काल गाडीवानाबरोबर आपला कमरेचा पट्टा माझ्याकडे पाठवला. नंदीध्वजाची उंच, जड काठी ज्यात टेकवून ते जन्मभर सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेत चालले, तोच. सोबत निरोप, की हा तुझ्या पेटीत पडू दे आणि संक्रांतीला मी वळसंगलाच येतो. बाप लेकीकडे माहेरपणाला निघाला म्हणून मी आधी हसले, मग पट्टा हातात घेऊन रडले. वय झालं म्हणून यंदा पंचांनी काठी भावकीतल्या तरण्या ईरप्पाकडे दिली, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण जत्रेच्या दिवशी अप्पा सोलापूर सोडतात म्हणजे काय? माणसानं मनानं अंथरूण धरलं की शरीर मागे राहत नाही, याची मला धास्ती वाटते.

ते जेवतात का? ईरप्पाशी अजून अबोलाच आहे का? आणि घरात हे असं असताना तुम्ही रेडिओ आणलात म्हणे! धन्य तुमची.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे हे ठाऊक आहे, पण तो पत्रातही दिसू द्यावा.

आपली,
नागम्मा


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. २ जानेवारी १९३७

चि. सौ. नागम्मा हीस संगप्पाचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल आल्यावर भांडून घे. रेडिओला नावं ठेवलीस, पण त्यानंच काम केलं बघ.

त्याला उंचावर तार लागते, तिला एरियल म्हणतात. आपल्या सूत रंगवायच्या भट्टीचं विटांचं धुराडं घरात सगळ्यात उंच, म्हणून त्याला वेळू बांधून तार सोडायचं ठरवलं. उंच वेळू उभा धरायला ईरप्पाला बोलावलं. त्याला पाहताच अप्पा आत गेले आणि दार लावून घेतलं.

मी शहाण्यानं चुन्याच्या सांध्यांत आकडे ठोकले होते. वेळू अडकवला, वारं आलं आणि आकड्यासकट वीटच निखळली. वेळू शेजारच्या अंगणाकडे झुकला. तिथं धोंडप्पाच्या घरच्या बायका ज्वारी पाखडत बसलेल्या. आम्ही ओरडलो, पण ईरप्पा घाबरून स्वतःच्या हातांकडेच बघत राहिला.

तेवढ्यात अप्पा आम्ही होतो तिथं, घराच्या धाब्यावर चढून आले. धोतराचा सोगा कमरेला आवळून त्यांनी वेळूचा बुंधा त्यात घेतला आणि ईरप्पावर खेकसले, की हाताकडं काय बघतुयास, शेंड्याकडं बघ की! वेळू सरळ झाला. गवंडी येऊन धुराड्याभोवती लोखंडी पट्टी आवळायला लागला तरी अप्पा तो सोडेनात. मी सोडा म्हटलं, तर माझ्यावरच डोळे वटारले.

मग त्यांनी तो ईरप्पाच्या कमरेला दिला आणि त्याला धाब्यावर इकडून तिकडे चालवलं. पाऊल कुटं टाकायचं, वारं आलं तर काय करायचं, सगळं सांगत होते. गवंडी तोंडाकडे बघत बसला. रेडिओ त्या दिवशी लागलाच नाही. रात्री मात्र अप्पांनी भाकरी मागून घेतली. तुझी वहिनी चुलीपुढं डोळे पुसत होती, धूर लागला म्हणते.

तर अप्पा तिकडे येत नाहीत. यात्रेत ते ईरप्पाच्या बाजूनं चालणार आहेत. तूच ये, आणि पट्टा आण. ईरप्पाला धोतराच्या सोग्यावर चालवणार न्हाय, असं त्यांनी बजावून सांगितलंय.

मायेत उणं पडू देऊ नये.

तुझा,
संगप्पा


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

वळसंग, ता. ६ जानेवारी १९३७

ति. रा. अण्णांस सौ. नागम्माचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि जीव भांड्यात पडला. अप्पांसाठी ओसरीवर बाज टाकून ठेवली होती, ती आजच उचलली. घरात बाज उचलताना एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

आम्ही जत्रेच्या आदल्या दिवशी पोचतो. पट्टा तेल लावून मऊ केला आहे. ईरप्पा अंगानं बारीक, त्याला तो सैल होणार. नवं भोक पाडावं लागेल. इथल्या चांभाराकडे न्यायला निघाले होते, पण अर्ध्या वाटेतून परत आले. ते भोक अप्पांच्या हातानंच पडू दे.

बाकी सारा लोभ समक्ष घेऊन येते.

आपली,
नागम्मा