वेदरहेड आडनावासह माझी सर्व मिळकत

मी, बिराप्पा धुळाप्पा वेदरहेड, वय ७४, पूर्वी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर, हल्ली पेन्शनर, जात धनगर, राहणार बेंबळी, तालुका व जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र डोकं ठिकाणावर असताना व कोणाच्याही दडपणाविना लिहवून ठेवत आहे. परवा डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर पाहून "माझ्यापेक्षा तुमचं बरं आहे" असं म्हटलं. तेव्हा माझ्या शुद्धीबद्दल मागून कोणी शंका काढू नये.

१. राहतं घर, तीन खोल्या व मागची मेंढरांची शेड, माझी पत्नी सिताबाई हिला. तिच्या पश्चात मुलगा शिवशंकर याला. तिला त्याच्या धाराशिवच्या फ्लॅटवर नेण्याचा प्रेमळ आग्रह कोणी करू नये. तिला लिफ्टची भीती वाटते आणि तसं सांगायची लाज वाटते.

२. पोस्टातली ठेव सिताबाईची. ओढ्याकडचं दीड एकर शिवशंकरचं.

३. मेंढे खच्ची करायचा माझा लोखंडी चिमटा नात करिश्मा हिला. कॉलेजातली पोरगी चिमटा घेऊन काय करणार, असं शिवशंकर म्हणेलच. तिने तो भिंतीवर टांगावा, मला चालेल. कारण पुढच्या कलमात आहे.

४. आडनाव. वकीलसाहेब म्हणाले, आडनाव मिळकतीत धरत नाहीत. पण माझा जन्मभराचा तंटा त्यावरच झाला, म्हणून लिहितो.

माझे वडील पोटात असतानाच आजोबा वारले. आजी पोटापाण्यासाठी सोलापूरकडे गेली आणि वेदरहेड नावाच्या गोऱ्या साहेबाची मेंढरं राखू लागली. वडील तिथेच जन्मले, कळपामागेच वाढले. साहेबाने त्यांना शाळेत पाठवलं. मास्तरांनी नाव विचारलं. आता, वाटेवरच्या धनगराला नाव विचारलं की तो आपलं सांगून लगेच कळपाच्या मालकाचंही सांगतो, नाहीतर लोकांना मेंढरं चोरीची वाटतात. वडिलांनी त्याच सवयीने "धुळाप्पा, वेदरहेड साहेब" असं सांगितलं आणि मास्तरांनी ते जसंच्या तसं रजिस्टरात उतरवलं. हकिकत एवढीच आहे.

वडील बेंबळीला परतले तेव्हा भावकीने दुसरी हकिकत तयारच ठेवली होती. पोरगं साहेबाचं आहे, म्हणून नाव साहेबाचं. चैत्रातल्या जत्रेत बिरोबापुढे घोंगडी अंथरायचा मान थोरल्या घराचा, म्हणजे आमचा. तो काढून घेतला. वडील दरवर्षी जत्रेत मागे, चपलांपाशी उभे राहायचे. मीही पन्नास वर्षं तिथेच उभा राहिलो.

अलीकडे भावकीचा कारभार माझा चुलतभाऊ कृष्णराज देवकते पाहतो. त्याने निरोप धाडला, आडनाव बदला आणि मान घ्या. शिवशंकरने अर्जसुद्धा भरून आणला. मी सही केली नाही. सही केली असती तर आजीवरचा आळ मीच कबूल केला असं झालं असतं. बाई एकटी, पोटात पोर, पुढे दीडशे मेंढरं. तिने इमानाने राखली. तिला मी कागदावर पुसणार नाही.

मग करिश्माने कॉलेजच्या ग्रंथालयातून इंग्रजी आडनावांचा जाडजूड कोश धुंडाळला. हे नाव तिकडेही फारसं आढळत नाही. त्याचा एक अर्थ असा दिलाय की खच्ची केलेले मेंढे राखणारा. म्हणजे साहेबाचा कोणी खापरपणजा आमच्यासारखाच काठी घेऊन रानात हिंडत होता! आणि मी तेहतीस वर्षं मेंढे खच्ची करण्याचाच सरकारी पगार खाल्ला. मी इतका हसलो की सिताबाईने पाण्याचा तांब्या आणला.

५. पहिल्या मसुद्यात, जो आडनाव बदलेल त्याला घर मिळणार नाही, अशी अट होती. ती आज मी स्वतः खोडली. कारण लिहितो.

साक्षीला मी कृष्णराजला मुद्दाम बोलावलं. मेल्यावर ऐकवण्यापेक्षा जिवंतपणी तोंडावर ऐकवावं म्हणून. वकिलांनी चौथं कलम मोठ्याने वाचलं. त्याने कोशातला अर्थ वकिलांकडून पुन्हा वाचून घेतला. मग म्हणाला, "दादा, साहेबबी मेंढकाच व्हय?"

"व्हय. पुस्तकात हाय."

"म्हंजी आमचं खरं धरलं तरी तुमी धनगरच, अन् तुमचं धरलं तरी धनगरच. मग आमी इतकी वर्षं भांडलो कशापायी?" मग खाली बघत तो म्हणाला, "आजीवर लई वंगाळ बोललो आमी. चैत्रात घोंगडी तुमीच आंथरा."

मला रडू आलं. लपवत नाही. शिवशंकरने आता नाव ठेवावं किंवा बदलावं, माझा राग उरलेला नाही. मी तृप्त आहे.

वरील मजकूर वाचून, समजून, माझ्या हाताने सही करत आहे.

ठिकाण : बेंबळी
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

(सही) बिराप्पा धुळाप्पा वेदरहेड

साक्षीदार :

१. (सही) शरणबसप्पा, किराणा दुकानदार, बेंबळी. मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते : शेजारी.

२. (सही) कृष्णराज देवकते, शेती, बेंबळी. मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते : (टाईप केलेला "परिचित" हा शब्द साक्षीदाराने स्वतः खोडून, स्वहस्ते) भाऊ.