दोन्हीकडून उघडणारी भिंत

१२ जुलै, शनिवार
बसली भिंत!

डिलाईल रोडच्या चाळीतल्या कोपऱ्यातल्या दोन खोल्या आजपासून नखशिखांत लाकडी. पाडलेल्या चाळींचं जुनं सागवान, नव्याने रंधून घेतलेलं. आमचा सुतार हितेंद्र म्हणतो, "म्याडम, हे लाकूड माझ्या आजोबांपेक्षा म्हातारं, पण कंबर बघा कशी ताठ." घरातल्या सगळ्या भिंती सरकतात. दिवसा हॉल, रात्री दोन खोल्या, पाहुणे आले की परत हॉल. फक्त दोन घरांच्या मधली भिंत सरकत नाही. तीच माझी सगळ्यात लाडकी.

कारण अलीकडे राहतात लवूकाका, चाळ कमिटीचे अध्यक्ष. पलीकडे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, दीपककाका. टीव्हीच्या आवाजावरून तीन वर्षं दोघांचं बोलणं बंद. आधी मधे नुसत्या फळ्या होत्या. इकडे बातम्या, तिकडे क्रिकेट, आणि वर भांडण. म्हणून मी जाडजूड भिंत केली. आत आवाज आणि आग दोन्ही अडवणारा भराव. आता ऐका म्हणावं!

घरी येऊन अप्पांना सांगितलं. आमचे अप्पा म्हणजे दादरचे रिटायर्ड बँकवाले, लेकीवर विश्वास जरा कमीच. "लाकडाचं घर? वाळवीला विचारलंस का आधी?"

२० जुलै, रविवार
दोन्ही कुटुंबं राहायला गेली. जाईबाईंनी – लवूकाकांच्या बायकोने – माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि लाकडालाही लावलं. आता खरी परीक्षा. गणपतीनंतर चाळीची सभा आहे. हे नमुन्याचं घर पास झालं तर उरलेल्या खोल्याही एकेक करून इथेच, अशाच बांधायच्या. नापास झालं तर चाळ पाडणार आणि सगळे लांबच्या ट्रान्झिट कॅम्पात. परत कधी येतील, देव जाणे. आणि लवूकाका म्हणतील तीच चाळीची पूर्व दिशा.

२ ऑगस्ट
सगळं छान चाललंय. घर गार राहतं. ललिताकाकूंनी – म्हणजे दीपककाकांच्या मंडळींनी – सरकत्या भिंतीवर कपडे वाळत घातलेत. हेही डिझाइनच.

९ ऑगस्ट
लवूकाकांचं तोंड एवढंसं. चहा देतात, पण तक्रार काय ते सांगत नाहीत. शेवटी म्हणाले, "घर बरा आसा. पण गणपती खंय बसतलो?"

हात्तिच्या! मी लगेच कागद काढला. खिडकीशेजारी कोनाडा, वर माटवी, म्हणजे फळंपानं बांधायची लाकडी चौकट, टांगायला भक्कम कड्या. हितेंद्रने दोन दिवसांत करून द्यायचं कबूल केलं.

१३ ऑगस्ट
कोनाडा पाहून लवूकाका "हं" म्हणाले. नुसतं "हं". माझा जीव टांगणीला. इतकी वर्षं या व्यवसायात आहे, पण "हं"वर काय करायचं ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

१४ ऑगस्ट
उलगडा झाला. जाईबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं, हातात सोलकढीचा पेला दिला आणि झापलं. या घराण्यात गणपती एकच. गावचं घर पडल्यापासून तो इथे येतो, थोरल्याकडे. चुली वेगळ्या झाल्या, बोलणं बंद झालं, तरी गणपती एकच. तेवढ्या दिवसांत मधल्या फळ्या काढून दोन खोल्यांची एक करायची, एकत्र आरती, एकत्र पंगत. दोघे भाऊ तेव्हाही बोलत नाहीत, पण शेजारी उभे राहून टाळ वाजवतात.

"आणि तू मधी किल्लो बांधलंस," म्हणाल्या.

मी पेला खाली ठेवला. मला वाटलं होतं फळ्या गेल्या की भांडणाचं मूळच गेलं. कोणाला विचारायचं सुचलंच नाही. अगदी मूर्ख आहे मी.

निघताना लवूकाका गॅलरीत होते. रस्त्याकडे बघत म्हणाले, "आता दीपक शिंकलो तरी कळणा नाय." मला इतकं वाईट वाटलं की कोपऱ्यावर वडापाव घेऊनसुद्धा खाववेना.

१६ ऑगस्ट
भिंत काढली. ऑफिसातून साहेबांचा फोन: "अनुजा, वेड लागलंय का? सभा तोंडावर आलीय." लागलंय.

नवीन भिंत चार पल्ल्यांची, घडी होणारी. भराव तोच, म्हणजे आगीची भीती नाही; पण घड्यांच्या सांध्यांतून हाक ऐकू जाते. प्रत्येक पल्ल्याला दोन लाकडी मेखा, एक या घराच्या बाजूने, एक त्या; ओढून धरली नाही तर परत आत बसणाऱ्या, पल्ला उघडला की सुट्या निघणाऱ्या. कोणी एकट्याने उघडून दुसऱ्याच्या घरात शिरू नये म्हणून. हितेंद्र म्हणाला, "म्हणजे दोघांनी एकदम काढल्याशिवाय उघडणार नाही." हो ना, सेफ्टी.

तो माझ्याकडे बघून हसत होता. का, ते मला कळलं नाही. खरंच नाही.

२४ ऑगस्ट
शेवटचा हात मारला. लालबागला तुडुंब गर्दी, सागवानी पट्टी खांद्यावर घेऊन मी आणि हितेंद्र गल्लीबोळातून. एका काकूंनी विचारलं, कुठल्या मंडळाचं डेकोरेशन?

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
आज मी नुसती बघणारी.

मूर्ती दारात, पाटावर. जाईबाई ओवाळायला उभ्या, आणि भिंत बंद. लवूकाकांनी आपल्या बाजूची मेख ओढली. पल्ला हलेना. पलीकडून दीपककाकांनीही ओढली असावी, पण वेळ चुकली, मेख परत अडकली. पुन्हा तेच. मूर्तीचा पाट धरलेल्या त्यांच्या भाच्याने पाट दाराच्या चौकटीला टेकवला.

मग लवूकाकांनी भिंतीवर थाप मारली. "दीपक. तीन म्हटलंय की काढ."

पलीकडून आवाज आला – "म्हण."

भिंत उघडली. दोघेही एकमेकांकडे न बघता घाम पुसत होते. मी गॅलरीत जाऊन रडले. हितेंद्रही नाक पुसत होता, म्हणे भुसा गेला.

२ सप्टेंबर
गौरींबरोबर विसर्जन. सगळे दिवस तिथेच जेवले. काळ्या वाटाण्याचं सांबारं! क्रिकेट मोठ्या आवाजात चालू होतं, आणि लवूकाका स्कोअर विचारत होते.

१४ सप्टेंबर, रविवार
सभा. लवूकाका उठून म्हणाले, "घर पास." एवढंच. हात भराभर वर! अप्पा मागे येऊन बसले होते. घरी येताना म्हणाले, "वाळवीचं मी बघतो."

१५ सप्टेंबर
लवूकाकांचा फोन: भिंत लावायचीय, पण मेखा सापडत नाहीत, नव्या करून द्या. माप घ्यायला गेले. जाईबाईंनी मला आत बोलावून तांदळाचा डबा उघडला, तांदळात खुपसलेल्या मेखा दाखवल्या आणि डबा परत बंद केला. बाहेर येऊन मी लवूकाकांना सांगितलं – या लाकडाच्या मेखा करायला वर्ष लागतं.

"लागू दे," म्हणाले.